शाळेतला पोषण आहार: चार्ज घेतल्यापासून उन्हाळी सुट्टीपर्यंत

मुख्याध्यापकाचा चार्ज घेताना जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉक हे सगळं डोळ्यांत तेल घालून तपासलं जातं. पोषण आहाराच्या कोठीचं मात्र "तांदूळ एवढा, डाळ एवढी, करा सही" इतक्यावर भागतं. तिथे सही करू नका. आधी वजनकाटा मागवा, कोठीतला प्रत्येक जिन्नस मोजा, आणि साठा नोंदवहीतली शिल्लक, रोजची नोंद भरतो त्या सरकारी पोर्टलवरची शिल्लक आणि प्रत्यक्ष वजन असे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. फरक निघाला तर तो चार्ज यादीतच नमूद करा आणि जुन्या मुख्याध्यापकांची सही घ्या. संबंध चांगले असले तरी घ्या. सही झाल्यानंतर कोठीतली तूट तुमची असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या ज्या शाळेत पुरवठादार धान्य आणून टाकतो आणि अन्न शाळेतच शिजतं, अशा ग्रामीण शाळेसाठी आहे. शहरात केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येत असतील, तर शिजवण्याचा भाग सोडून बाकी सगळं तुम्हालाही लागू पडतं.

हक्क आणि माप

ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. शिजवलेलं अन्न ताटात आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दुपारचं जेवण हा मुलांचा हक्क झाला, ३० सप्टेंबर २०१५ ला त्याचे नियम आले आणि २०२१ मध्ये योजनेला 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' हे आजचं नाव मिळालं. गावात कुणी "सरकार उपकार करतंय" असं म्हणालं, तर त्याला उत्तर देताना 'हक्क' हा शब्द उपयोगी पडतो.

माप तोंडपाठ हवं. पहिली ते पाचवीच्या मुलाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. ताटात पडलेला भात वाटीने मोजून "१०० ग्रॅम होतो का" असं बघणारे पाहुणे येतात. त्यांना शांतपणे हा फरक समजावून सांगावा.

एक हिशेब करून बघू. समजा शाळेत पहिली ते पाचवीचा पट ६४ आणि सहावी ते आठवीचा ३२. आज ५८ आणि २९ मुलं हजर आहेत. तांदूळ ५.८ किलो अधिक ४.३५ किलो, एकूण १०.१५ किलो. डाळ १.१६ अधिक ०.८७, म्हणजे २.०३ किलो. भाजी ५ किलोला थोडी वर. तेल ५०७ ग्रॅमच्या आसपास. हा हिशेब रोज सकाळी डोक्यात करायची गरज नाही. हजेरी ५० पासून पूर्ण पटापर्यंत गृहीत धरून एक तक्ता बनवा आणि कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. स्वयंपाकी ताईंना आकडा कळला की त्या तक्त्यावरून माप काढतात आणि "अंदाजाने घातलं" हा प्रकारच बंद होतो. पाटी-पेन्सिलीच्या वयाची आपली मुलंसुद्धा हा तक्ता वाचू शकतात. त्यांना वाचू द्या.

माल उतरतो तो दिवस

योजनेत घोळ होण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. टेम्पो बहुधा भरशाळेत येतो, ड्रायव्हरला अजून सात शाळा करायच्या असतात, आणि तो चलन पुढे करून "सर, सही" म्हणतो. त्याची घाई त्याच्यापाशी राहू द्या.

प्रत्येक कट्टा (भरलेलं पोतं) काट्यावर चढवा. बारदानाचं वजन वजा करा. रिकाम्या पोत्यांपैकी दोन-तीन आधीच तोलून ठेवली की सरासरी हाताशी राहते. कट्ट्याची शिलाई बघा. कारखान्याची शिलाई एकसारखी असते, उघडून पुन्हा शिवलेली लगेच ओळखू येते. मग हात कोपरापर्यंत आत घाला. वरचा तांदूळ कोरडा आणि आतला ओलसर, हे फक्त असंच कळतं. मूठभर बाहेर काढून वास घ्या, सोंडे किंवा जाळी दिसते का बघा. डाळ, तिखट, हळद, तेल यांची पाकिटं सीलबंद हवीत. त्यांच्यावर उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरायचं आणि अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक छापलेला हवा. मुदत संपायला महिनाच उरलेला माल तीन महिन्यांच्या पुरवठ्यात घेऊ नका.

कमी भरलं तर चलनावर स्वतःच्या अक्षरात "प्रत्यक्ष वजन अमुक किलो मिळाले" असं लिहून मगच सही करा, आणि त्याचा फोटो त्याच दिवशी तालुक्याच्या पोषण आहार अधीक्षकांना आणि केंद्रप्रमुखांना पाठवा. माल खराब असेल तर उतरवूनच घेऊ नका. उतरवून घेतलेला माल परत नेताना कुणी दिसत नाही. वजनाच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीचा एखादा सदस्य हजर असेल तर उत्तम. त्यासाठी अध्यक्षांपेक्षा ज्यांचं घर शाळेजवळ आहे असे पालक बघा, कारण टेम्पो सांगून येत नाही.

तांदळाबद्दल एक खुलासा, कारण दर वर्षी कुठून तरी "प्लॅस्टिकचा तांदूळ आला" अशी ओरड होते. योजनेत गुणसंवर्धित तांदूळही येतो: साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रावर बनवलेला असतो. तो रंगाने थोडा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. निवडताना ताई तो खडा किंवा खराब दाणा समजून फेकतात आणि पोषण तिथेच सुपातून बाहेर जातं. त्यांना तो दाणा हातात देऊन दाखवा. पालकसभेतही दाखवा. तांदूळ चोळचोळून पाच पाण्यांनी धुवायचा नाही, हेही त्याच वेळी सांगा.

कोठी

पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत. विटांवर फळ्या टाकल्या तरी पुरे. जुना माल पुढे, नवा मागे. तेल आणि डाळी झाकणाच्या डब्यात. कडुलिंबाचा पाला चालतो, कीडनाशक पावडर किंवा गोळ्या अजिबात नाहीत.

याच संदर्भात एक गोष्ट प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असायला हवी. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतलं कीटकनाशक सापडलं. ते तेलातून आलं होतं. म्हणून दोन नियम न मोडता पाळायचे. कोठीत फिनेल, ॲसिड, तणनाशक, उंदराचं औषध यांपैकी काहीही ठेवायचं नाही, अगदी "दोन दिवसांपुरतं" म्हणूनही नाही. आणि कुठलाही जुना डबा, कॅन, ड्रम स्वयंपाकात वापरायचा नाही, तो कितीही घासलेला असला तरी. शेतकरी गावात रिकामे औषधाचे कॅन घरोघरी असतात आणि ते दिसायला छान मजबूत असतात. हीच अडचण आहे.

किल्ली दोघांकडे असावी: मुख्याध्यापक आणि प्रभारी शिक्षक. ताईंकडे कोठीची किल्ली देऊ नका असं मी म्हणतो ते अविश्वासापोटी नाही. उद्या तूट निघाली तर सगळ्यात आधी बोट त्यांच्याकडे दाखवलं जातं, आणि त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

सकाळपासून पंगतीपर्यंत

हजेरी परिपाठानंतर लगेच मोजा आणि आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरात पाठवा. उशिरा येणारी दोन-चार मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्यांचा अंदाज वर्गशिक्षकाला असतो, तेवढे धरा. पट बघून पातेलं चढवण्याची सवय लागली की रोज अन्न उरतं किंवा रोज खोटी नोंद होते. दुसरी शक्यता जास्त.

स्वयंपाकी तथा मदतनीस किती, याचं प्रमाण पटावर ठरतं: २५ पर्यंत एक, २६ ते १०० दोन, पुढे दर १०० ला एक वाढते. वरच्या उदाहरणातल्या ९६ पटाला दोन. त्यांची वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून करून घ्या आणि कागद फाइलला लावा. नखं, केस बांधणं, ॲप्रन हे सगळं ठीकच. पण ज्या दिवशी ताईला जुलाब किंवा ताप आहे, त्या दिवशी तिने न येता घरी राहणं जास्त महत्त्वाचं असतं. मानधन तुटपुंजं, त्यात खाडा पडेल या भीतीने त्या आजारी असताना येतात. तसं होणार नाही, असं त्यांना स्पष्ट सांगा आणि बदली कोण येणार ते आधीच समितीत ठरवून ठेवा.

पाककृतींचा क्रम जिथे तुमच्या हातात आहे, तिथे एक साधी गोष्ट बघा: मोड आलेल्या मटकीची उसळ सोमवारी ठेवू नका. सोमवारच्या मोडासाठी कडधान्य शनिवारी भिजवावं लागतं आणि रविवारी शाळा बंद. मटकी एक तर आंबते, नाहीतर ताई घरी नेऊन मोड आणतात, आणि शाळेचं धान्य घरी गेलं म्हणून तिसराच वाद उभा राहतो. सोमवारी मूगडाळ खिचडी किंवा मसालेभात, बुधवार-गुरुवारकडे उसळ. थंडीत मोड यायला एक दिवस जास्त धरा. शेवगा शाळेच्या परसबागेत असेल तर वरणात शेंगांबरोबर पालाही जाऊ द्या. परसबागेत दुसरं काही लावलं नाही तरी शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू लावाच. अंडी आणि साखर यांच्यासाठी जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानंतर वेगळा निधी नाही. अंडा पुलाव, खीर हे लोकसहभागावर आहे. इथे स्नेहभोजन कामी येतं. गावात कुणाचा वाढदिवस, कुणाची निवृत्ती असेल तर शंभर वह्या वाटण्यापेक्षा एक दिवस सगळ्यांना अंडी किंवा केळी द्या, असं सुचवा. मात्र रोजच्या जेवणाऐवजी नको, रोजच्या जेवणाबरोबर. आणि बाहेरून शिजवून आणलेलं अन्न घेऊ नका; माल द्या, आम्ही शिजवतो, असं सांगा. दाते नाराज होत नाहीत.

अन्न शिजलं की आधी चव. मुलांना वाढण्याच्या किमान अर्धा तास आधी एक शिक्षक, एक ताई आणि जमल्यास एक पालक यांनी खायचं. चमचाभर चाटून "छान" लिहायचं नाही, वाटीभर खायचं. चव नोंदवहीत वेळ लिहा. वास, कडवटपणा, फेस, विचित्र रंग यांपैकी काहीही वाटलं तर पातेलं तिथेच थांबवा. बिस्किटं, केळी, काहीही देऊन तो दिवस काढता येतो. ताई "तेलाला वास येतोय" म्हणत असेल तर तिचं ऐका. गंडामनच्या वेळी स्वयंपाकिणीने हेच सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. चव घेतल्यावर झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात थोडा नमुना काढून, तारीख लिहून २४ तास ठेवा. काही झालं तर डॉक्टरांना आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तोच लागतो.

वाढण्याच्या आधी हात धुणं साबणाने, रांगेत, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली. पंगत वर्गवार किंवा मिसळून, पण कुणी कुठे बसायचं हे जातीने ठरत नाही आणि ताट घरून आणलं म्हणून वेगळं बसणंही नाही. कुणी ताई अमुक समाजाची म्हणून मुलाला जेवू नको असं घरून सांगितलं असेल, तर त्या मुलाशेजारी तुम्ही स्वतः ताट घेऊन बसा. पालकांशी बोलणं नंतर. शिक्षकांनी पंगतीत जेवावं की नाही यावर स्टाफरूममध्ये वाद होतात. माझं मत विचाराल तर आठवड्यातून दोनदा तरी जेवावं. अन्नाची प्रत आठवड्याभरात सुधारते.

भात उरला तर दुपारनंतर कुणाला देऊ नका. शिजलेल्या भातात टिकून राहिलेले काही जिवाणूंचे बीजाणू साध्या तापमानाला दोन-तीन तासांत वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

नोंदी

नोंद जेवणानंतर, त्याच दिवशी, खऱ्या आकड्याची. बाकी सगळं या एका सवयीवर उभं आहे. किती हजर, किती जेवले, किती माल काढला, किती शिल्लक हे साठा नोंदवहीत आणि पोर्टलवर एकाच बैठकीत भरा. पंधरा दिवसांचं एकदम भरायला बसलं की आकडे आपोआप गोल होतात, आणि तपासणाऱ्याला गोल आकड्यांचा वास लांबून येतो. शिवाय मागच्या तारखेची नोंद राहिली तर तालुक्याकडे हात पसरावे लागतात आणि तो दिवस देयकातून निसटू शकतो. रेंज नसेल तर आकडा वहीत लिहा आणि संध्याकाळी घरून भरा. उद्यावर टाकू नका.

हजेरीपत्रकावर ८७ आणि जेवणारे ८७ असं रोज जुळत असेल, तर ते संशयास्पद आहे. चार मुलांना उपास असतो, एकाचं पोट दुखत असतं. ८७ हजर, ८२ जेवले, हे खरं दिसतं कारण ते खरं असतं.

दर शनिवारी तांदूळ तोला. महिन्याअखेर तोलला आणि १८ किलो कमी निघाला तर कुठल्या आठवड्यात गेला ते सापडत नाही. थोडी घट निवडण्या-पाखडण्यात होते, तीही लिहा. रिकाम्या बारदानांची वेगळी नोंद असू द्या. लेखापरीक्षणात लाखाचं धान्य बरोबर निघतं आणि मुख्याध्यापक बारदानावर अडकतात, असं ऐकायला मिळतं.

खर्चाचा दर केंद्र वेळोवेळी बदलतं. १ मे २०२५ पासून तो प्राथमिकला दर विद्यार्थी दर दिवस ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे, केंद्र-राज्य वाटा ६०:४०. यातला मोठा भाग पुरवठादाराच्या मालात जातो. शाळेच्या हाती येतं ते इंधन आणि भाजीपाल्याचं, आणि ते बहुधा उशिराच येतं. २०१५ चे नियम इथे तुमच्या बाजूने आहेत: धान्य किंवा पैसे तात्पुरते संपले तर मुख्याध्यापक शाळेतला उपलब्ध निधी वापरून जेवण चालू ठेवू शकतात, नंतर तो भरून घ्यायचा. समितीचा ठराव करून ठेवा म्हणजे खिशातून पैसे घालायची वेळ येत नाही. भाजीवाल्याची पावती नसते, तिथे साध्या कागदावर वजन, दर, तारीख आणि त्याची सही किंवा अंगठा घ्या.

धान्य, पैसा, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण मिळालंच नाही, तर मुलाला त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मिळतो: त्याच्या वाट्याचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद आहे. म्हणून साठा दहा दिवसांपुरता उरला की लेखी मागणी द्या. फोनवर "येतंय, येतंय" ऐकत बसलेल्याच्या हातात शेवटी काहीच पुरावा राहत नाही.

उन्हाळी सुट्टीत

कायद्यातला रोजच्या जेवणाचा हक्क शाळेच्या सुट्ट्या सोडून आहे. पण दुष्काळी भागात चित्र वेगळं. २० एप्रिल २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण देण्याचा आदेश दिला आणि २०१६ च्या दुष्काळात तो पुन्हा बजावला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात हा प्रश्न शाळांपुढे आलाच. तुमचा तालुका दुष्काळी यादीत असेल तर मार्चमध्येच तयारीला लागा, एप्रिलअखेरच्या पत्राची वाट बघू नका.

मुलं किती येतील ते आधी विचारा. ऊसतोडीहून परतलेली, मामाच्या गावी जाणारी, मोठ्या भावंडांबरोबर रानात जाणारी असे सगळे गट वेगळे असतात. घरोघर विचारून यादी करा. पट धरून धान्य मागवलं तर मेच्या उकाड्यात पोती कोठीत पडून किडतात. जेवणाची वेळ सकाळी साडेनऊ-दहाला आणा. बारा वाजता अनवाणी पोरगं दीड किलोमीटर चालत येणार नाही. एक शिक्षक रोज हवाच. पाळ्या लावून वेळापत्रक दारावर लावा. ताईंना या दिवसांचं मानधन कसं मिळणार ते पत्रात नसेल तर सुरू करण्यापूर्वी लेखी विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही. टँकरचं पाणी येत असेल तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या आणि त्यात क्लोरीन आहे का ते ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडून तपासून घ्या. नोंदी नेहमीसारख्याच, फक्त सुट्टीच्या दिवसांचं पान वेगळं.

तालुका यादीत नसेल तर मेमध्ये कोठी रिकामी ठेवण्याचा प्रयत्न करा. एप्रिलची मागणी शिल्लक वजा करूनच करा. उरलेला तांदूळ सुट्टीभर ठेवावा लागलाच, तर वजन करून, पोती शिवून, पंचनाम्यासारखा दोघांच्या सह्यांचा कागद आत लावून कुलूप घाला.

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी या. टाकी उपसून धुवा, गॅसची नळी वाकवून भेगा बघा आणि तिच्यावरची तारीख वाचा, चुलीच्या धुराड्यात पाखरांनी घरटं केलंय का ते तपासा. उरलेला तांदूळ उन्हात न टाकता सावलीत पसरा, पाखडा आणि पुन्हा तोला. किडलेला निघाला तर तो मुलांना शिजवून संपवायचा नाही. वजन लिहून अधीक्षकांना कळवा आणि त्यांच्या लेखी उत्तरापर्यंत वेगळा ठेवा. पहिल्या दिवशी नवी पहिलीची मुलं आणि त्यांचे आईबाप पंगतीला असतात, तेव्हा त्या दिवसाची भाजी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवलेली बरी.